एका भोकाचे १२ ग्रॅम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गाळ्यात परवा एक जुनी हॅचबॅक उभी होती. सीट, गालिचे, दारांची आतली आवरणं, सगळं उतरवलेलं. इंजिनिअरिंगची दोन पोरं ती ट्रॅकवर पळवण्यासाठी हलकी करत होती. दाराच्या आतल्या पत्र्याला भोकं पाडायला एकानं ग्राइंडर उचलला, तसे मिस्त्री म्हणाले, "थांब भावा, आधी हिशोब कर."

हिशोब सोपा आहे. पोलादाचं वजन घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. गाडीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर जाड. त्यातून ५० मिलिमीटर व्यासाची चकती काढली, तर जातात जेमतेम १२ ग्रॅम. शंभर भोकांना सव्वा किलो! नुसती स्टेपनी उतरवली तरी याच्या कितीतरी पट वजन कमी होतं. म्हणून पत्रा कापणं हे सगळ्यात शेवटचं काम. मिळकत एवढी थोडी असताना पत्र्याची ताकद घालवणारं हत्यार तर मुळीच चालणार नाही.

ग्राइंडर सगळ्यांच्या हाताशी असतो, म्हणून तोच उचलला जातो. ४ इंची चाक मिनिटाला ११,००० फेरे घेतं तेव्हा त्याची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळत असते. चाकाचे कण पत्रा खरवडतात आणि उडालेले लोखंडाचे तापलेले कण हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून जळतात. त्याच आपल्या ठिणग्या. काचेवर पडल्या तर तिथेच रुतून बसतात, पुसून जात नाहीत. कापाच्या कडेचा रंग जळतो, जस्ताचा लेप असेल तर तोही, आणि पहिला गंज तिथेच धरतो. सरळ लांब कापाला, जाड पट्टीला ग्राइंडर उत्तम. पण गोल भोकाला आणि दाराच्या पातळ पत्र्याला तो मी तरी लावणार नाही.

पत्र्याच्या कात्रीत उष्णता जवळपास नसतेच. दोन पाती एकमेकींना घासून जातात आणि धातू त्यांच्यामध्ये सरकून तुटतो. एका बाजूचा पत्रा मात्र वर वळतो. म्हणूनच डावीकडे वळणाऱ्या कापाची कात्री वेगळी, उजवीकडची वेगळी. बहुतेक कंपन्या पहिलीला लाल मूठ देतात, दुसरीला हिरवी आणि सरळ कापाच्या कात्रीला पिवळी.

करवतीचं गणित वेगळंच. पत्र्याच्या जाडीत निदान दोन-तीन दात बसले पाहिजेत, नाहीतर दात पत्र्यात अडकतो आणि मोडतो. इंचाला ३२ दात असलेल्या बारीक पात्यातसुद्धा दोन दातांमधलं अंतर ०.७९ मिलिमीटर असतं, म्हणजे आपल्या पत्र्यात एकच दात मावतो. जाणते कारागीर पातं अगदी आडवं तिरपं धरतात, म्हणजे दातांना कापायला जास्त लांबी मिळते.

माझ्या मते या कामाचं खरं हत्यार निब्लर. छोटा पंच वरखाली होत पत्र्याचे चंद्रकोरीसारखे तुकडे पाडत जातो. दोन्ही बाजूंचा पत्रा सपाट राहतो, वळणही सुबक येतं. सुरुवातीला एक भोक मात्र पाडून द्यावं लागतं. त्या चंद्रकोरी सुईसारख्या टोकदार असतात. हातमोजे, चष्मा हवाच.

कुठे कापायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. दारातला आडवा दांडा आणि मधला खांब धडकेच्या वेळी माणसाला वाचवण्यासाठी असतात. नव्या गाड्यांत तिथे बोरॉन पोलाद असतं. ते साध्या पत्र्याच्या कित्येक पट मजबूत असतं, कात्रीचं पातं त्यावर बोथट होतं, आणि उष्णतेनं कापलं तर त्या कडेची कडकपणाची प्रक्रिया वाया जाते. आणि रस्त्यावर चालवायच्या गाडीचा सांगाडा तर असा कापूच नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही.

भोक गोलच हवं. पत्र्यावर ताण आला की गोल भोकाच्या कडेला तो सुमारे तिप्पट होतो, आणि टोकदार कोपऱ्यात त्याहूनही खूप जास्त. तडा तिथूनच सुरू होतो. चौकोनी खिडकी कापायचीच असेल, तर आधी चारी कोपऱ्यांत ड्रिलनं भोकं पाडून मग ती जोडायची. भोकाची कड डायनं, म्हणजे दाबून आकार देणाऱ्या साच्यानं, आत वळवली, तर पत्र्याला उभी कड मिळते आणि लवचिकपणा घटतो. विमानाच्या पंखातल्या आडव्या फळ्यांना अशी वळवलेल्या कडेची भोकं असतात.

पोरांनी शेवटी निब्लर भाड्यानं आणला. कापून झाल्यावर कडांवरचा बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कुसळं, कानशीनं काढला, उघड्या लोखंडाला प्रायमर लावला आणि मिस्त्रींनी जमिनीवर पडलेल्या चंद्रकोरी लोहचुंबकानं गोळा केल्या.