मोठ्या फ्रेमचं रिव्हॉल्व्हर आणि 'बोअर'चा घोळ : पार्श्वभूमी

मुंबईत जुन्या रिव्हॉल्व्हरवर तासन् तास बोलणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक वेब्लीवाले, दुसरे स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या 'एन' फ्रेमवाले, म्हणजे तिच्या मोठ्या सांगाड्याच्या रिव्हॉल्व्हरवाले. वेब्ली साहेबाच्या फौजेबरोबर आली, पोलीस खात्यात मुरली आणि कानपूरच्या .३२ च्या रूपानं आजही तिचा वंश चालू आहे. तिच्याबद्दल इथे लिहीत नाही. ही नोंद दुसऱ्या तटाची. मी त्याच तटातला, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात १९०८ ची. .४४ स्पेशल या काडतुसासाठी काढलेल्या पहिल्या मोठ्या फ्रेमला सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) पुढून, मागून आणि शिवाय क्रेनपाशी (सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो त्या दांडीपाशी) असं तीन ठिकाणी अडकत असे. म्हणून नाव पडलं 'ट्रिपल लॉक'. जेमतेम पंधरा हजार नग निघाले असतील. १९१५ मध्ये कंपनीनं तिसरं कुलूप आणि एजेक्टर रॉडवरचं (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीवरचं) आवरण काढलं, किंमत एकवीस डॉलरवरून एकोणीसवर आणली. खंदकातला चिखल त्या आवरणात अडकतो, अशी इंग्रज फौजेची तक्रार होती म्हणतात. खर्च वाचवायचा होता असंही म्हणतात. तिसऱ्या कुलुपाची तशी गरज नव्हतीच. पण 'पूर्वी करायचे तसं आता करत नाहीत' हा शौकिनांचा सूर लागला तो तेव्हापासून.

१९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं. मंदीच्या दिवसांत साठ डॉलरचं रिव्हॉल्व्हर! नळीची लांबी गिऱ्हाइकानं सांगावी, साइट (नेम धरायची खूण) त्यानं निवडावी, आणि कंपनीनं त्या नगाची त्याच्या नावे नोंद करून द्यावी. नोंदणीची ही चैन काही वर्षांतच थांबली, पण 'रजिस्टर्ड मॅग्नम' हा शब्द उरला. १९५४ मध्ये त्याच यंत्रणेवर, चकाकी कमी करून, 'हायवे पेट्रोलमन' काढलं. १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम. १९५७ पासून या तिघांना अनुक्रमे मॉडेलचे आकडे पडले : २७, २८, २९. १९७१ च्या एका हॉलिवूडपटानं २९ ला घराघरात नेलं, त्याबद्दल नव्यानं सांगण्यासारखं काही नाही.

कौतुक नेमकं कशाचं, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. फोर्टातल्या एका दुकानात म्हाताऱ्या विक्रेत्यानं मला एक २८ दाखवलं होतं. उजव्या अंगाची साइड प्लेट (आतली यंत्रणा झाकणारा पत्रा) कुठे संपते आणि फ्रेम कुठे सुरू होते ते त्यानं विचारलं. मी नख फिरवलं; नख कुठेच अडलं नाही. मग सिलिंडर उघडून मागची कडा दाखवली. प्रत्येक घराला (काडतूस बसतं त्या भोकाला) खाच, काडतुसाची रिम, म्हणजे बुडाची कड, आत बुडेल इतकी. नळी फ्रेममध्ये आडव्या पिनेनं पक्की केलेली. या दोन्ही गोष्टी १९८२ च्या सुमाराला बंद झाल्या. गोळी त्यामुळे वाकडी जाऊ लागली असं नाही. तरी 'पिन्ड अँड रिसेस्ड' म्हटलं की किंमत चढते. स्क्रू मोजून वय सांगणारेही आहेत : पाच स्क्रू, चार स्क्रू, तीन स्क्रू. बैलाचे दात मोजावेत तसं. विक्रेत्यानं घोडा हळूच मागे घेतला आणि हातानं आवरत खाली सोडला. (घोडा म्हणजे हॅमर, मुंबईच्या बोलीत अख्ख्या हत्याराला घोडा म्हणतात, त्यामुळे दुकानात शब्द जपून वापरावा लागतो.)

आता बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप, इंचात. इथे थोडं थांबावंच लागेल, कारण मुंबईतल्या शौकिनाचं अर्धं आयुष्य या एका शब्दात जातं.

परवान्यावर 'बोअर' असा रकाना असतो आणि त्यावरून हत्यार प्रतिबंधित की अप्रतिबंधित ते ठरतं. लोकांना वाटतं, जास्त ताकदीचं ते प्रतिबंधित. तसं नाही. १९६२ च्या शस्त्र नियमांच्या परिशिष्टात .३८० किंवा .४५५ ची रिमवाली काडतुसं, किंवा सरकारी ९ एमएम, ज्यात भरून उडवता येतील अशी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात टाकली. कसोटी ताकदीची नाही, सरकारी दारूगोळ्याची आहे. फौजेच्या किंवा पोलिसांच्या भांडारातून काडतूस फुटलं तर ते खाजगी हत्यारात चालू नये, एवढाच हेतू. विचार साहेबाच्या काळचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात बंद झाल्या, कारण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा बोअर तोच होता. लंडनच्या बंदूकवाल्यांनी मग .४६५, .४७०, .४७५ असे शेजारचे आकडे काढले आणि वाघ-हत्तींच्या शिकारीचा धंदा चालू ठेवला.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत गुंता वाढतो तो 'अडतीस'पाशी. इंग्रजी .३८० आणि अमेरिकन .३८ स्पेशल, दोन्हींना बोलताना अडतीस म्हणतात. पण .३८० चं कवच (काडतुसाची धातूची नळी) जाड आणि आखूड, स्पेशलचं बारीक आणि लांब. कारखान्याच्या भाषेत जाडीतला फरक सात-एक थाऊचा, म्हणजे इंचाच्या सात-एक हजारांशांचा. एवढ्यानं .३८० हे स्पेशलच्या नीट कापलेल्या घरात बसत नाही. त्यात स्पेशलची गोळी अडतीस नसतेच; ती .३५७ च्या आसपास भरते, 'अडतीस' हे नाव जुन्या, कवचाइतक्या जाड शिशाच्या गोळीवरून राहून गेलेलं. म्हणजे .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम यांची गोळी एकाच जाडीची. मॅग्नमचं कवच तेवढं इंचाच्या आठव्या भागानं लांब, आणि जोर दुपटीच्या आसपास. तरी कागदावर '.३८' दिसलं की टेबलापलीकडचा माणूस प्रतिबंधित म्हणून मोकळा होतो, आणि '.३५७' सर्वसाधारणपणे अप्रतिबंधित म्हणून सुटतं. सौम्य काडतुसावर संशय, जबरदस्त काडतुसाला वाट. माझ्या मते नियमाचा शब्द चुकलेला नाही; तो वाचणाऱ्यांनी व्यासाच्या जागी नाव वाचलं. याच्या उलट बाजूनं बोलणारे जाणकारही आहेत. संशय असेल तिथे अडवावं, मोजमाप घेत बसायला प्रत्येक ठिकाणी मायक्रोमीटर नसतो, असं ते म्हणतात. त्यांचं अगदीच चूक नाही.

या आकड्यांच्या खेळामुळे मुंबईत जी थोडी एन फ्रेम आली ती बहुतेक .३५७. आणणारे दोन प्रकारचे : परदेशातली नोकरी संपवून बाडबिस्तऱ्यासह परतणारे आणि बोटीवरचे. दादरच्या एका ओळखीच्या घरात १९७० च्या दशकात काकांनी बोटीवरून आणलेलं २८ अजून आहे, वारसाच्या परवान्यावर. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर खाजगी आयातीचं दार जवळपास बंद झालं. नामवंत नेमबाजांना सवलत राहिली, बाकीच्यांना आधीच देशात असलेल्या नगांवर समाधान मानावं लागलं. अमेरिकेत 'हायवे पेट्रोलमन' म्हणजे स्वस्तातला पर्याय. इथे त्याच्या किमतीत उपनगरात गाडी लावायची जागा येते असं गमतीनं म्हणतात. ही किंमत कारागिरीची किती आणि बंद दाराची किती, हे शौकीन सहसा बोलून दाखवत नाहीत.

२००१ नंतर कंपनीनं सिलिंडर उघडायच्या खटक्याच्या वर, फ्रेममध्येच किल्लीचं कुलूप बसवलं. अमेरिकेत त्या बारीक भोकावरून अजून भांडणं होतात. कुलूप नसलेली काही मॉडेलं अलीकडे परतही आली. मुंबईत हा वाद ऐकीव. भोकवालं हत्यार इथे जवळपास आलंच नाही.

इथली काळजी वेगळी. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, परवान्याची मुदत मात्र तीनाची पाच वर्षं झाली. तिसरं कुठलं सोडायचं यावरून घराघरात वाद झाले आणि बऱ्याच ठिकाणी आजोबांची बारा बोअरची बंदूक गेली. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता. सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करू नका, छाननी करा, असं न्यायालयानं सांगितलेलं आहे. तरी हत्यार जमा करा म्हणून फोन येतोच. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा मिळून दोनदा आला. दादरचं २८ उन्हाळ्यात जमा झालं आणि पाऊस सुरू झाल्यावर परत मिळालं. कापडात गुंडाळलेलं, तेलाचा थेंब नाही, नळीवर तांबूस ठिपके. आणि पावतीवर बोअरच्या रकान्यात, नळीवर '३५७ मॅग्नम' कोरलेलं असताना, निळ्या शाईनं लिहिलेलं : .३८. ते खोडून घ्यायला तीन खेपा झाल्या. ठिपके अजून गेलेले नाहीत.