गोंडे फुलले की कीटकनाशक बंद
(कांदा बीजोत्पादनासाठी मधमाशीच्या पेट्या भाड्याने नेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी)

‘पेट्या ठेवल्या, तरी बी भरलं नाही’ ही तक्रार दर हंगामात येते. प्लॉटवर गेलं की बहुतेक वेळा पेटीच्या दारासमोर मेलेल्या माश्यांचा सडा दिसतो. फुलकिड्यांसाठी फवारा मारलेला असतो.

कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि कुक्षी २-३ दिवसांनी तयार होते. त्यामुळे फुलाला स्वतःचा पराग कामी येत नाही, दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो. पराग चिकट असल्याने वाऱ्यावर विसंबून भागत नाही. एका फुलात जास्तीत जास्त ६ बिया धरतात. माशी फिरकली नाही तर बोंड पोकळ राहतं आणि मळणीत नुसता कोंडा उडतो.

म्हणून फुलकिड्यांच्या फवारण्या गोंडा (कांद्याच्या दांड्यावरचा फुलांचा गुच्छ) पापुद्र्यात असतानाच उरका. पापुद्रा फाटून फुलं दिसू लागली की फिप्रोनील, इमिडाक्लोप्रिड अजिबात नको. ‘संध्याकाळी मारलं तर?’ असं हमखास विचारतात. तरीही नको, कारण औषधाचा अंश दुसऱ्या दिवशीही फुलावर असतो. करप्यासाठी बुरशीनाशक मारावंच लागलं तर सूर्यास्तानंतर मारा, त्यात कीटकनाशक मिसळू नका आणि आदल्या दिवशी फोन करा. अंधार पडून माश्या आत आल्या की आम्ही दारं लावतो आणि सकाळी फवारा वाळल्यावर उघडतो. दिवसा स्वतः दार बंद करू नका, कामावर गेलेल्या माश्या बाहेर राहतात आणि आतल्या माश्या उकाड्याने मरतात. शेजारच्या शेतातली फवारणीही विचारून ठेवा, माशीला बांध कळत नाही.

‘पेट्या लवकर आणा’ असा आग्रह असतो, पण १०० पैकी १० गोंडे उमलल्याशिवाय आम्ही आणत नाही. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असल्याने माशीला तो फारसा आवडत नाही. आधी आणल्या तर ती शेवगा, मोहरी, धने यांच्या फुलोऱ्याला लागते आणि तुमच्या प्लॉटकडे वळत नाही. भाडं मात्र चालू राहतं.

एकरी ४ पेट्या लागतात. २ नेल्या तर भाडं निम्मं होतं, पण बियाण्याच्या भावापुढे ती बचत किरकोळ आहे. पेट्या बांधावर ठेवा, दार पूर्वेकडे आणि दुपारी सावली हवी. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या चढत नाहीत. जवळ उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा.

माशी परका परागही तितक्याच इमानाने आणते. आसपास किमान १ किलोमीटरपर्यंत दुसऱ्या वाणाचा फुललेला कांदा नसावा. बाजारासाठी लावलेल्या कांद्यातले डेंगळेही (फुलांचे दांडे) यात आले, ते फुलण्याआधी खुडायला सांगा.

नोंदणी डिसेंबरअखेरपर्यंत. येताना गट नंबर, वाण, मातृकांदा लावल्याची तारीख आणि आतापर्यंतच्या फवारण्यांची यादी आणा. पेट्या ठेवण्याआधी आमचा माणूस प्लॉट पाहून जातो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.