१८० मिलिमीटरचा बोंबील

राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये ५४ जातींच्या मासळीला किमान लांबी ठरवून दिली: पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७०, बोंबील १८०. त्याहून लहान मासळी धरायची नाही. सातपाटी, वसई, वर्सोव्याच्या कोळीवाड्यांना यातला बोंबलाचा आकडा पाळणं मला सगळ्यांत अवघड वाटतं. कारण तो ज्या डोलीत येतो, तिला लहानमोठा कळत नाही.

डोल म्हणजे तळात रोवलेल्या खुंटांना बांधलेली, नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी लांबलचक जाळी. होडी तिला ओढत नाही. तोंड प्रवाहाकडे ठेवायचं, पाणीच मासळी आत लोटतं. म्हणून उधाणाच्या मोठ्या भरतीला जोर, भांगाच्या लहान भरतीला शांतता. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरवर जातो, मुंबईला ४-५ मीटर आणि रत्नागिरीकडे त्याच्या निम्माच. त्यामुळे उत्तर कोकणात डोलकर झाले आणि दक्षिणेत बांगडा-तारलीसाठी किनाऱ्यावरून रापण, म्हणजे लांब जाळं, ओढली गेली.

बोंबीलही उत्तरेचाच. गुजरातपासून रायगडापर्यंत मुबलक, रत्नागिरीखाली विरळ, आणि मग एकदम बंगालच्या उपसागराच्या माथ्याशी, तिथल्या खवय्यांचा ‘लोटे’ म्हणून. शास्त्रीय वर्णनही तिकडचंच: फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी ते १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात केलं.

बोंबलाच्या अंगात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी. बर्फ नव्हता तेव्हा दुपारपर्यंत तो टिकणं कठीण. म्हणून बांबूच्या वलांडी, म्हणजे मासळी वाळवायचे मांडव, आल्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, ऊन-वारा पुढचं बघतो. पावसाळ्यातल्या भाताला चव आली ती या कामामुळे, आणि ते बहुतेक बायकांनी केलं. पुढे यंत्राच्या होड्या आल्या, नायलॉनचं जाळं आलं, डोली आणखी खोल पाण्यात गेल्या.

बोंबील अंगाने मऊ दिसला तरी शिकारी आहे. जवळा, म्हणजे इवलीशी कोळंबी, हे त्याचं मुख्य खाणं. स्वतःच्या जातीची पिल्लंही तो सोडत नाही. जिथे जवळ्याचा थवा, तिथे बोंबलाची पिल्लं. आणि डोलीच्या टोकाचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक ठेवले जातात ते जवळ्यासाठीच. आस मोठे केले की बोंबलाची पिल्लं सुटतात, पण जवळाही सुटतो, आणि त्याच्याबरोबर वाळवून विकायची सुकट.