मांडवाची सावली पाच वाजता कुठे असते?

परसात नवा पर्गोला उभा राहिला. चार खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर ओळीने पट्ट्या. संध्याकाळी पाचला खाली खुर्ची टाकावी, तर ऊन थेट डोळ्यांत आणि सावली पलीकडच्या फुलझाडांवर! सुतारकाम चोख होतं. सावलीचा हिशेब मात्र कुणी केलाच नव्हता.

हिशेब अगदी सोपा आहे. सूर्य क्षितिजापासून 30 अंश वर असताना 2.5 मीटर उंचीच्या छताची सावली जमिनीवर साधारण 4.3 मीटर लांब सरकते. पर्गोला 3 मीटर रुंद असेल आणि सूर्य त्या बाजूनेच येत असेल, तर सगळी सावली बाहेर पडते. उतरत्या उन्हात बसायची सवय असेल तर छतावर जास्त खर्च करू नका. पश्चिमेला उभी जाळी, पडदा किंवा वेल लावा; तेच कामाला येतं.

दुसरी चूक पट्ट्यांची. त्या सहसा कडेवर उभ्या बसवतात, कारण तशा सुंदर दिसतात. समजा, पट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत आणि पट्टीची उंची दोघींमधल्या फटीइतकीच आहे. 40 अंश अक्षांशावर उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य 73 अंशांपर्यंत चढतो, हिवाळ्यात 27 अंशांवरच अडकतो. या पट्ट्या उन्हाळ्यातलं ऊन जेमतेम 30 टक्के अडवतात आणि हिवाळ्यातलं हवंहवंसं ऊन पूर्ण रोखतात. म्हणजे नेमकं उलट! इलाज सोपा आहे: पट्टीची वरची कड विषुववृत्ताच्या बाजूला कलती ठेवायची, हिवाळी किरणांना समांतर. मग हिवाळ्यातलं ऊन फटींमधून आत येतं आणि उन्हाळ्यातलं पट्टीच्या रुंद अंगावर आदळतं.

तरीही एक गोष्ट कुठल्याच पक्क्या पट्टीला जमत नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्याचा मार्ग जवळपास एकच असतो. उत्तरेकडच्या समशीतोष्ण प्रदेशात मात्र एप्रिलमध्ये ऊन हवं असतं आणि ऑगस्टमध्ये नको, कारण जमीन आणि समुद्र तापायला वेळ घेतात. पट्टीला दिसतो फक्त सूर्य; पानगळीच्या वेलीला ऋतू कळतो. द्राक्षाचा वेल वसंतात उशिरा पालवतो, ऑगस्टमध्ये गच्च असतो, हिवाळ्यात उघडा पडतो. शिवाय पानांतून बाष्प बाहेर पडतं; एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. म्हणून भर उन्हातही पानं हवेपेक्षा फारशी तापत नाहीत. मला विचाराल तर, जिथे वेल जगतो तिथे त्याच्यासारखं छत नाही.

पाऊसही अडवायचा असेल तर भरीव छत लागणारच. नुसता पत्रा घेऊ नका. 60 अंश सेल्सिअसला तापलेला पत्रा दर चौरस मीटरला 700 वॉटच्या आसपास उष्णता खाली फेकू शकतो, आणि ती सावलीत बसूनही टाळूला जाणवते. वरून पांढरा रंग आणि खाली हवेची पोकळी ठेवून दुसरा थर दिला, तर बराच फरक पडतो. पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे मजबूत प्लास्टिकचे तक्ते निवडलेत तर त्यांच्या स्क्रूच्या भोकांकडे बघा. 4 मीटर लांबीचा तक्ता तापमानातल्या 40 अंशांच्या फरकाने सुमारे एक सेंटीमीटर लांबतो. भोक स्क्रूपेक्षा मोठं नसेल तर तक्ता फुगतो, करकरतो आणि शेवटी भोकापाशीच तडकतो. वाऱ्याचंही भान ठेवा: वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो आणि भरीव छत वर उचललं जातं. खांब पायात घट्ट जखडलेले हवेत.

खड्डे खणण्याआधी ऐन उन्हाळ्यातला एक दिवस काढा. चार बांबू रोवून जुनी चादर ठरवलेल्या उंचीवर ताणून बांधा आणि दर तासाला सावलीच्या कडा खडूने आखा. प्रत्येक रेषेशेजारी वेळ लिहा. संध्याकाळी फरशीवर पर्गोल्याचा खरा नकाशा तयार असेल. खुर्ची कुठे ठेवायची आणि खांब किती सरकवायचे, ते त्यावरूनच ठरवा.