प्लास्टिकच्या दोन कयाक: एक वितळवून जोडायची, दुसरी चिकटवून

"प्लास्टिकची कयाक (वल्ह्यानं चालवायची चिंचोळी होडी) आहे, तळाला भेग गेलीय, काय लावू?" असं कुणी विचारलं की एक जण छातीठोकपणे सांगतो, इपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारा गोंद) लाव, माझं अजून टिकून आहे. दुसरा तेवढ्याच खात्रीनं सांगतो की इपॉक्सीचा अख्खा पापुद्रा पहिल्याच दगडावर निघून आला, वेल्डिंगशिवाय इलाज नाही. दोघंही खरंच बोलत असतात. पहिल्याची कयाक एबीएस या कडक प्लास्टिकची असते आणि दुसऱ्याची पॉलिइथिलीन या मेणचट प्लास्टिकची. विचारणाऱ्याची कशाची, हे मात्र कुणीच विचारलेलं नसतं.

पॉलिइथिलीनची कयाक बहुतेकांनी हाताळलेली असते. पोकळ साच्यात भुकटी घालून तो भट्टीत दोन अक्षांभोवती फिरवत केलेली, एकसंध, जड, हाताला मेणचट लागणारी. तिची जास्त ओळख करून द्यायला नको. एबीएसची कयाक वेगळ्या रीतीनं बनते. तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा निर्वात साच्यावर ओढून वरचा भाग आणि तळ असे दोन अर्धे करतात आणि कडेनं जोडतात. पत्र्यावर ॲक्रिलिकचा पातळ चकचकीत थर असतो, म्हणून लांबून ती फायबरग्लासची वाटते. ती हलकी असते, कडक असते आणि कडेला सांधा दिसतो. पण कयाक जुनी, उन्हानं निस्तेज झालेली किंवा कुणी रंग मारलेली असेल, तर दिसण्यावर जाऊ नका. तपासायला पाच मिनिटं पुरतात.

कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खळग्याच्या, कडेच्या आतून धारदार पात्यानं नखाएवढा काप काढा. ग्लासभर गोड्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, काप बुडवून त्याला चिकटलेले बुडबुडे झटका आणि सोडून द्या. पॉलिइथिलीनची घनता ०.९५ च्या आसपास, म्हणजे काप वर येतो. एबीएसची १.०५ च्या आसपास, म्हणजे तो तळाशी जातो. समुद्राचं पाणी घेऊ नका, त्याची घनता १.०२५ असते आणि फरक धूसर होतो. मधे फोमचा थर असलेली कयाक असेल तर काप फक्त बाहेरच्या सालीचा घ्या, फोम काय, तरंगणारच. तरीही शंका राहिली तर आतल्या न दिसणाऱ्या जागी एसीटोन या द्रावकात भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. एबीएस चिकट होतं आणि त्याचा रंग कापसावर उतरतो. पॉलिइथिलीन ढिम्म राहतं. काप जाळून वास घ्यायचा सल्लाही दिला जातो. ही दोन साधनं हाताशी असताना तो धूर नाकात कशाला घ्यायचा?

आता मुख्य घोटाळा. "पॉलिइथिलीनला इपॉक्सी धरत नाही" एवढं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मग त्यावर तोडगा येतो: खरखरीत कागदानं घासा, म्हणजे धरेल. सगळी गडबड या वाक्यात आहे, कारण ते अर्धं खरं आहे.

कुठलाही गोंद धरायचा तर तो ओला असताना आधी पृष्ठभागावर पसरावा लागतो. पॉलिइथिलीन म्हणजे निव्वळ कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या. इपॉक्सीनं हात धरावा असा ध्रुवीय गट त्यात नाही. त्याची पृष्ठभाग-ऊर्जा, म्हणजे द्रवाला स्वतःवर पसरवून घ्यायची ताकद, मीटरला ३१ मिलिन्यूटनच्या आसपास असते आणि इपॉक्सीचा पृष्ठताण त्याहून बराच जास्त. म्हणून इपॉक्सी पसरण्याऐवजी आक्रसून बसतं. नेहमीच्या तापमानाला पॉलिइथिलीन कुठल्याही घरगुती द्रावकात विरघळत नाही, त्यामुळे गोंदाला आत शिरायलाही वाट नसते. घासल्यावर चऱ्यांमध्ये इपॉक्सी अडकतं आणि थोडी यांत्रिक पकड मिळते. सुकल्यावर नखानं ओढलं तर निघत नाही, आणि मालकाला वाटतं काम झालं. मग कयाक पाण्यात जाते. तळ दगडावर वाकतो, वाळूवर घासतो, गाडीच्या टपावर उन्हात तापतो. पॉलिइथिलीन वाकतं आणि तापल्यावर प्रसरण पावतं ते इपॉक्सीपेक्षा कितीतरी जास्त. हा सगळा ताण ठिगळाच्या कडेवर येतो, कड उचलली जाते आणि मग ठिगळ एका तुकड्यात निघतं. निघालेल्या ठिगळाची खालची बाजू पाहा: पॉलिइथिलीनचा कणही तिला लागलेला नसतो.

यातलं खरं नुकसान ठिगळ निघाल्याचं नाही. भेगेत खोल मुरलेलं इपॉक्सी नंतरच्या वेल्डिंगला मारक ठरतं. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये गोंदाचा कण राहिला की तिथं जोड बसतच नाही. सिलिकोन भरलेलं असेल तर आणखी वाईट, ते पुसून जात नाही, दोन्ही बाजूंचं प्लास्टिकच खरवडून काढावं लागतं. "तात्पुरतं काहीतरी लावून ठेवतो" म्हणणाऱ्यांनी ब्यूटाइलची चिकटपट्टी वरून लावावी, भेगेत काहीही भरू नये.

एक अपवाद आहे. पृष्ठभाग आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून घ्यायचा, मग प्रोपेन टॉर्चच्या ज्योतीचं निळं टोक त्यावरून झरझर फिरवायचं, सेकंदाला फूटभर या वेगानं. वरचा थर ऑक्सिडाइज होतो आणि पृष्ठभाग-ऊर्जा वाढते. प्लास्टिक वितळता कामा नये, चकाकी आली म्हणजे जास्त झालं. मग पाणी शिंपडून बघा. थेंब गोळा न होता सपाट पसरला तर साधलं. पाणी पुसून वाळवा आणि अर्ध्या तासाच्या आत लवचीक इपॉक्सी लावा, कारण हा परिणाम टिकाऊ नसतो. या रीतीनं केलेला जोड खरंच धरतो. पण ज्योत न फिरवता "इपॉक्सी चालतं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पॉलिइथिलीनच्या भेगेला माझी पसंती वेल्डिंगलाच. भेगेच्या दोन्ही टोकांना ३-४ मिमीचं भोक पाडा, नाहीतर ती पुढे पळत राहते. टोक दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं, म्हणून भोकही तेवढं पुढे घ्या. मग भेगेवरून इंग्रजी व्ही आकाराची खाच काढा, तळाच्या जाडीच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश खोल. बहुतेक तळ ५-६ मिमीचे असतात. खाचेच्या बाजूचा पांढुरका पडलेला थर पात्यानं खरवडा, उन्हानं मेलेलं प्लास्टिक जुळत नाही. हॉट एअर गनच्या (गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी २७० ते ३०० अंश ठेवा. भरायच्या प्लास्टिकची कांडी आणि खाच दोन्ही एकदम तापली पाहिजेत, अनेकांचं इथंच चुकतं. फक्त कांडी वितळवून थंड तळावर ओघळवली तर ती वर नुसती बसते आणि गार झाल्यावर बोटानं उपटून येते. दोन्ही पृष्ठभाग ओलसर चकाकले की कांडी दाबत पुढे सरका. धूर किंवा तपकिरी छटा दिसली तर जास्त तापलं, तेवढा भाग कापून पुन्हा करा. भेग लांब असेल किंवा बसायच्या जागेखाली असेल, तर आतून स्टेनलेस स्टीलची जाळी सपाट टोकाच्या गरम सोल्डरिंग आयर्ननं दाबून प्लास्टिकमध्ये बुडवा आणि वर आणखी प्लास्टिक चढवा. पाणी ओतून लवकर गार करू नका, जोडात ताण राहतो.

कांडी कुठली? उत्पादकाकडची, त्याच जातीच्या पॉलिइथिलीनची. नाहीतर त्याच कयाकचा एखादा निरुपयोगी तुकडा कापून. दुधाच्या बाटलीचे काप वापरायची टूम डोकं उठवणारी आहे. बाटलीचं पॉलिइथिलीन फुगवण्यासाठी केलेलं, कयाकचं फिरत्या साच्यासाठी. दोन्ही वितळतात, पण जोड कडक होतो आणि वाकवल्यावर कडेनं तडकतो. बर्फावरच्या स्कीच्या तळाच्या दुरुस्तीला वापरतात ती मेणबत्तीसारखी जळती प्लास्टिकची कांडीही नको. तिचे थेंब थंड तळावर पडतात, म्हणजे पुन्हा वर बसलेलंच प्लास्टिक.

क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीन असेल तर वेल्डिंग विसरा. त्याच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात, ते वितळत नाही. आतल्या बाजूला गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवा: साधं पॉलिइथिलीन वाहतं, हे रबरासारखं मऊ होऊन शेवटी करपतं. त्याला ज्योतीची रीत, किंवा सीलंट लावून बोल्टनं आवळलेलं ठिगळ.

एबीएसला यातलं जवळजवळ सगळं उलट. हॉट एअर गन लांब ठेवा. ओढून बसवलेल्या पत्र्यात ताण कोंडलेला असतो, जास्त तापवला की तो पुन्हा सपाट व्हायला बघतो आणि तळ वेडावाकडा होतो, शिवाय ॲक्रिलिकवर फोड येतात. इथं विरघळवणं आणि चिकटवणं दोन्ही चालतं. टोकांना भोकं आणि खाच तशीच. झाकणाच्या काचेच्या बरणीत एबीएसचे बारीक तुकडे घ्या, त्यांच्या साधारण दुप्पट आकारमानाचं एसीटोन ओता आणि रात्रभर ठेवा. मधाइतकं घट्ट झालं की खाचेत भरा. पातळ थर, मिलिमीटरभर, आणि दोन थरांत काही तास. एका दमात भरलं तर वरून साल धरते, आत एसीटोन अडकतं आणि आठवड्यानं तिथं खळगा पडतो. एसीटोन भेगेवर ओतून "साफ" करू नका. ताणाखालच्या एबीएसमध्ये त्यानं नव्या बारीक भेगा फुटतात. खोली हवेशीर हवी, आसपास ज्योत नको.

ताकद मात्र आतल्या ठिगळाची. भेगेभोवतीचा भाग ८० नंबरच्या कागदानं घासा, अल्कोहोलनं पुसा, मग फायबरग्लासच्या कापडाचे दोन-तीन थर इपॉक्सीत, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा चहूबाजूंनी २-३ सेंमी मोठा. चोवीस तास हलवू नका. स्वस्त म्हणून पॉलिएस्टर रेझिन आणाल तर त्यातलं स्टायरीन एबीएसलाच मऊ करतं.

ओरखड्यांबद्दल लोक फार लिहितात, मुद्दा छोटा आहे. पॉलिइथिलीनवरचे ओरखडे सोडून द्या. उभे राहिलेले तंतू धारदार पात्यानं सपाट छाटा, बस्स. घासकागदानं ते पिंजून आणखी केसाळ होतात आणि पॉलिश तर चढतच नाही. नख पूर्ण अडकेल एवढा खोल चर असेल तरच तो कांडीनं भरायचा. एबीएसवर ओल्या कागदानं ८००, १५०० असं जाऊन गाडीच्या पॉलिशनं चकाकी परत येते. खाली वेगळा रंग दिसू लागला तर थांबा, ॲक्रिलिक संपलं. उघड्या एबीएसला ऊन खातं, तिथं रंगाचा थर द्यावाच लागतो.

टपावर बांधताना पट्टे करकचून आवळल्यानं पडणारा पोचा हा पॉलिइथिलीनचा विकार. कयाक उन्हात तापू द्या, आतून हातानं दाबा, जागेवर आल्यावर दाब तसाच ठेवून सावलीत गार करा. बहुतेक पोचे निघतात. एबीएसवर हा प्रयोग नको.

तळाच्या मागच्या टोकाची झीज दोघींनाही होते, कारण कयाक ओढत नेली जाते. एबीएसला तिथं ॲरामिड या चिवट धाग्याच्या फेल्टची (नमद्याची) रेझिनमध्ये भिजवलेली पट्टी बसवता येते आणि ती वर्षानुवर्षं टिकते. तीच पट्टी पॉलिइथिलीनला लावली तर इपॉक्सीच्याच वाटेनं जाते. तिथं झिजलेल्या जागेवर त्याच प्लास्टिकचे दोन-तीन पदर वेल्डिंगनं चढवा आणि दर मोसमाच्या सुरुवातीला जाडी बोटानं दाबून तपासा. दाबल्यावर आत जायला लागली, तर भोक पडायच्या आधी आणखी एक पदर द्या.