टॅरोचा डेक ‘साफ’ होतो तेव्हा नेमकं काय होतं?

एका पौर्णिमेला मी माझा टॅरोचा डेक, म्हणजे भविष्य सांगण्यासाठी वापरतात त्या 78 चित्र-कार्डांचा गठ्ठा, रात्रभर उघड्यावर ठेवला. चांदण्यात कार्डांची ऊर्जा शुद्ध होते, असं ऐकलं होतं. सकाळी पाहिलं तर वरची चार-पाच कार्डं होडीसारखी वाकलेली. एक कार्ड दिव्यासमोर तिरपं धरलं, तर छापलेल्या बाजूवर बारीक सुरकुती उठलेली दिसली.

हे काम चंद्राचं नव्हतं, दवाचं होतं. टॅरो कार्ड म्हणजे एकावर एक चिकटवलेले कागदाचे थर आणि वरून पातळ लेप. कागदातले सेल्युलोजचे तंतू हवेतलं पाणी ओढून घेतात आणि फुगतात. लांबीला फारसे नाही, जाडीला जास्त. एक बाजू दुसरीपेक्षा अधिक ओली झाली की कार्ड वाकतं. राहिला चंद्रप्रकाश. तो परावर्तित सूर्यप्रकाशच, पण पौर्णिमेलाही जेमतेम पाव लक्स भरतो. भर दुपारच्या उन्हाचा आकडा साधारण 1 लाख लक्स आहे. इतक्या मंद उजेडात कार्डांना काही होत नाही. उन्हात मात्र शाई नक्की फिकी पडते.

डेक साफ करायला काही जण तो मिठात ठेवतात, त्याला धूर देतात किंवा त्यावर खडे ठेवतात. मिठाचंही असंच. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाझरू लागतं आणि ते पाणी शेजारच्या कागदात शिरतं. धुरातले कण इतके सूक्ष्म असतात की कार्डांच्या कडांमधून आत जातात. वास टिकतो आणि चिकट थर बसतो. सेलेनाइटचा खडा डेकवर ठेवला तर बिघडत काही नाही. तो जिप्समचाच एक प्रकार, नखानेही ओरखडा उठेल इतका मऊ. स्फटिकाबद्दल, म्हणजे क्वार्ट्झबद्दल, सांगतात की तो ऊर्जा साठवतो. क्वार्ट्झवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं आणि क्वार्ट्झ घड्याळं याच गुणधर्मावर चालतात. पण त्यासाठी दाब किंवा विद्युतप्रवाह लागतो. नुसत्या ठेवलेल्या खड्यातून काही वाहत नाही.

तरीही डेक ‘जड’ वाटतो. एखाद्या दुःखी माणसाचं रीडिंग (कार्डं मांडून त्यांचा अर्थ सांगणं) झाल्यावर तीच कार्डं लगेच दुसऱ्यासाठी मांडायला हात धजत नाही. ही भावना मला अगदी खरी वाटते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ सरबतात क्षणभर बुडवून काढलं. पेय सुरक्षित आहे हे ठाऊक असूनही लोकांना ते नकोसं झालं. एकदा स्पर्श झाला की त्या गोष्टीचा अंश कायमचा लागला, असं आपलं मन धरून चालतं. नावडत्या माणसाने वापरलेला कपडा धुतल्यावरही घालवत नाही, तो याचमुळे.

मग विधी करून बरं का वाटतं? संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स आणि सहकाऱ्यांचा 2016 मधला अभ्यास मला इथे फार जवळचा वाटतो, कारण त्यातही मीठ आहे. गाणं म्हणण्याआधी घाबरलेल्या लोकांना सांगितलं गेलं: आत्ता कसं वाटतंय त्याचं चित्र काढा, त्यावर मीठ भुरभुरवा, मोठ्याने पाचपर्यंत मोजा, कागद चुरगाळून टाकून द्या. हे करणाऱ्यांची धास्ती कमी झाली आणि ते जास्त चांगलं गायले. याच कृतींना ‘विधी’ म्हटलं तेव्हा फायदा झाला. ‘काही सुट्या कृती’ म्हटलं तेव्हा तो दिसला नाही. डेकवर तीनदा टकटक करून दीर्घ श्वास घेणाऱ्याचं मन खरोखर निवळतं. कार्डं होती तशीच राहतात.

पण मागच्या रीडिंगची डेकमध्ये एक गोष्ट खरोखर उरते, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. ती म्हणजे कार्डांचा क्रम. दहा कार्डांची मांडणी झाली की आपण ती गोळा करून डेकवर ठेवतो. दोनचारदा वरवर पिसलं तर ती एकमेकांच्या आसपासच राहतात आणि पुढच्या रीडिंगला पुन्हा जोडीने वर येतात. ‘डेक अजून आधीच्याच माणसाबद्दल बोलतोय’ असं वाटण्यामागे कित्येकदा एवढंच असतं. ही आठवण पुसायचा मार्ग गणिताने दिलेला आहे.

गणितज्ञ डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी 1992 मध्ये दाखवलं, की 52 पत्त्यांचे दोन भाग करून कडा फर्रकन सोडत एकमेकांत गुंफले, तर असं सातदा केल्यावर जुना क्रम जवळजवळ नाहीसा होतो. टॅरोच्या 78 कार्डांना आणखी एखाद-दोन फेऱ्या द्याव्यात. हातातल्या हातात थोडी थोडी कार्डं वरून खाली सोडत पिसायची आपली नेहमीची पद्धत मात्र फारच दुबळी आहे. तिने तेवढंच मिसळायला हजारो वेळा पिसावं लागेल.

खात्री करायची तर कप्सची (टॅरोतल्या चार रंगांपैकी एक) चौदा कार्डं एक्क्यापासून राजापर्यंत ओळीने डेकच्या वर ठेवा. एकदा गुंफून पिसा आणि डेक उलगडून पाहा. मध्ये परकी कार्डं शिरलेली दिसतील, पण एक्का, दुर्री, तिर्री हा चढता क्रम शाबूत असेल. तीनदा पिसल्यावरही त्याचे तुकडे ओळखू येतात. नवव्या वेळेनंतर शोधूनही सापडत नाहीत.

मोठ्या कार्डांच्या कडा गुंफताना दुमडतात म्हणून जीव खालीवर होत असेल, तर सगळी कार्डं पालथी टेबलावर पसरा आणि दोन्ही तळव्यांनी मिनिटभर गोल गोल फिरवत कालवा. कॅसिनोतले डीलर नवा कॅट फोडल्यावर हेच करतात, आणि त्यांच्या बोलीत या कृतीचं नाव आहे ‘वॉश’, म्हणजे धुणं. यात काही कार्डं आपोआप उलटीही, म्हणजे डोकं खाली अशी, होतात. गोळा करण्याआधी प्रत्येक कार्ड कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या. कापडावर उमटणारा करडा पट्टा हा आतापर्यंत ती हाताळलेल्या सगळ्या बोटांचा आहे.