कार्बन कर आणि संरक्षण खर्च (कोकण किनारपट्टी)

कार्बन कर म्हणजे कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस जाळल्यावर जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्याच्या वजनाच्या हिशोबाने लावलेला कर. आणि संरक्षण खर्च म्हणजे लष्कर, नौदल, हवाई दल, तटरक्षक दल, त्यांच्या बोटी, विमानं, पगार, पेन्शन यावर केंद्र सरकार करतं तो खर्च. वरवर बघितलं तर एकाचा दुसऱ्याशी काय संबंध असं वाटतं, पण दोन्हींना इंधन लागतं आणि पोलाद लागतं, म्हणून कार्बनवर कर बसला की तो संरक्षणाच्या बिलातही येतोच. कोकणात हे दोन्ही एकाच पाण्यात दिसतं, रत्नागिरीसमोरून तटरक्षक दलाची गस्ती बोट जाते आणि तिच्या बाजूने मिरकरवाडा बंदरातला मासेमारी ट्रॉलर जातो, दोघंही डिझेलच जाळतात, पण कराचा बोजा दोघांवर सारखा पडत नाही. या नोंदीत मुख्यतः तोच फरक सांगितलाय.

भारतात काय आहे

भारतात "कार्बन कर" या नावाचा कर नाही. जगात पहिला फिनलंडने १९९० साली लावला, पुढच्या वर्षी स्वीडनने. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये आणला आणि २०१४ मध्ये काढून टाकला, कॅनडाने सामान्य ग्राहकांवरचा एप्रिल २०२५ मध्ये बंद केला, फ्रान्समध्ये २०१८ मध्ये इंधनावरचा कर वाढणार म्हटल्यावर लोक पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर आले. म्हणजे हा कर लावणं सोपं आणि टिकवणं अवघड, हे सगळीकडेच दिसलंय.

आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे कोळशावरचा उपकर. १ जुलै २०१० पासून टनाला ५० रुपये, मग १००, मग २००, आणि २०१६ पासून ४००. त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभा करायचा असं ठरलं होतं. २०१७-१८ पर्यंत ८६ हजार कोटींच्या आसपास गोळा झाले, त्यातले जेमतेम ३० हजार कोटी त्या निधीत गेले आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना त्याच्याही निम्मेच मिळाले. जीएसटी आल्यावर हाच उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द करून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. हिरव्या नावाने गोळा केलेला पैसा हिरव्याच कामाला जाईल याची खात्री नसते, त्याचं याच्याइतकं ढळढळीत उदाहरण दुसरं नसेल.

दुसरी गोष्ट डिझेल-पेट्रोलवरची एक्साइज. हिला कोणी कार्बन कर म्हणत नाही, पण हिशोब केला तर तसाच परिणाम होतो, आणि २०१४-१५ च्या आर्थिक पाहणी अहवालात सरकारनेही तसाच हिशोब मांडला होता. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरची केंद्राची एक्साइज लिटरला १५.८० वरून १७.८० रुपये झाली, म्हणजे एका टन कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे ६,६०० रुपये. आता कोळशाचं बघा, एक टन कोळशातून दीड ते पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो असं धरलं तर ४०० रुपयांचा तो उपकर कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे अडीचशेच्या आसपास पडत होता. जयगडच्या १,२०० मेगावॅटच्या वीज प्रकल्पातला कोळसा आणि त्याच जयगड बंदरातून सुटणाऱ्या होडीतलं डिझेल, धूर तोच पण उपकर होता तोवर डिझेलवर कर पंचवीसपट. हे कोणी मुद्दाम केलं असं नाही, पण झालंय खरं.

संरक्षणावर बोजा किती

२०२५-२६ साठी केंद्राने संरक्षणाला ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये दिले, म्हणजे एकूण बजेटच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. त्यातले १ लाख ६० हजार कोटींच्या वर पेन्शनला जातात, नवी खरेदी आणि बांधणीला १ लाख ८० हजार कोटी. पेन्शनवर आणि पगारावर कार्बन कर बसत नाही, उरतं ते इंधन आणि सामान.

समजा उद्या भारताने कार्बन डायऑक्साइडच्या टनाला १,००० रुपये असा सरळ कार्बन कर लावला. दहा हजार लिटर डिझेलमागे तो २७ हजार रुपये होईल, आणि डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर बिल ९ लाखांचं, म्हणजे वाढ तीन टक्के. आता पोलाद बघू. आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी सेल (SAIL) या सरकारी पोलाद कंपनीने सुमारे ३० हजार टन खास पोलाद पुरवलं. कोळशावर चालणाऱ्या भट्टीतून एक टन पोलाद काढताना अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो असं धरलं तर या सगळ्या पोलादावरचा कर साडेसात कोटी रुपये होतो. विक्रांतचा खर्च सुमारे २० हजार कोटी. त्यात साडेसात कोटी कुठे दिसतही नाहीत.

म्हणून कार्बन कराने देशाचं संरक्षण लंगडं पडेल हा जो मुद्दा अधूनमधून पुढे येतो त्यात फार दम नाही. शिवाय नौदलाने कर भरला तरी तो जातो कुठे, तर केंद्राच्याच तिजोरीत, जिथून नौदलाला पैसे मिळतात. या खिशातून त्या खिशात. तरीही हिशोब वहीत दिसायला काय हरकत आहे असं वाटतं, कारण दिसला की निदान कुठली बोट किती पिते हे तरी कळतं. हवाई दलाने डिसेंबर २०१८ मध्ये एएन-३२ विमान जैवइंधन मिसळून उडवलं होतं, असे प्रयोग वाढायचे तर आधी मोजमाप लागतं.

जगभर मात्र लष्कराला सूटच असते. हवामानबदलावरच्या १९९७ च्या क्योटो करारात लष्कराचं बरंचसं इंधन मोजणीतून बाहेर राहिलं, २०१५ च्या पॅरिस करारात ते सांगायचं की नाही हे ज्या त्या देशावर सोडलं. युरोपच्या कार्बन बाजारात (जिथे कंपन्या उत्सर्जनाचे परवाने विकत घेतात) लष्करी विमानं आणि युद्धनौका धरलेल्या नाहीत. जगातल्या सगळ्या सैन्यांचं मिळून उत्सर्जन एकूण उत्सर्जनाच्या साडेपाच टक्के असावं असा २०२२ मधला एक अंदाज आहे, पण आकडे कोणी नीट देतच नाही त्यामुळे तो अंदाजच. आपल्याकडेही १९६२ च्या कस्टम्स कायद्यात कलम ९० आहे, नौदलाच्या जहाजावर वापरायच्या आयात सामानाला त्यात ड्युटीची सवलत आहे.

होडीवर बोजा किती

इथे गोष्ट एकदम वेगळी. हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, मालवण, कुठेही विचारा, समुद्रात जायचं म्हणजे पहिला खर्च डिझेलचा, मग बर्फ, मग शिधा, मग जाळ्याची डागडुजी. मोठा ट्रॉलर आठ-दहा दिवस बाहेर राहतो तेव्हा टाकी तर भरतोच वर कॅनपण घेतो. हे पैसे बऱ्याचदा मालकाकडे नसतात, मासळीचा व्यापारी उचल देतो आणि त्या बदल्यात मासळी त्यालाच घालायची, तो देईल त्या भावाला. म्हणजे डिझेल महाग झालं की उचल वाढते, उचल वाढली की भाव ठरवायची ताकद आणखी कमी होते.

छोट्या होड्यांवर अजून वाट्याची पद्धत आहे. मासळी विकून आलेल्या पैशातून आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा करायचा आणि उरलेल्याचे वाटे, काही होडीचे नि जाळ्याचे, काही मालकाचे, काही खलाशांचे. त्यामुळे डिझेलवरचा कर नुसता मालकाच्या खिशातून जात नाही, ज्याचं होडीत एक लाकूडपण नाही त्या खलाशाच्या वाट्यातूनही जातो. (मोठ्या ट्रॉलरवर आता नेपाळचे खलाशी पगारावर असतात, तिथे हा हिशोब बदलतो.) कार्बन कराचा बोजा कोणावर पडतो याची चर्चा शहरात बसून करणाऱ्यांना हे वाट्याचं गणित माहीतच नसतं.

राज्य सरकार मच्छीमारांना डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा देतं, सोसायटीमार्फत, ठरलेल्या कोट्यावर. पण आधी पूर्ण भाव मोजायचा आणि मग परताव्याची वाट बघायची, ती कधीकधी काही महिने. नौदलाला सूट दारातच मिळते आणि होडीवाल्याला मागून, मधल्या काळातलं व्याज त्याच्या डोक्यावर. आणि परतावा व्हॅटचा, केंद्राच्या एक्साइजचा नाही. रापणीला तर डिझेल जवळजवळ लागतच नाही, किनाऱ्यावरून माणसांनी जाळं ओढायचं, पण पर्ससीन (थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांनी मासळी ओढणाऱ्यांपुढे रापणकारांना मासळीच राहत नाही, आणि कमी धूर केला म्हणून त्यांना बक्षीस द्यायची सोय कुठल्याच करात नाही.

याची एक बाजू संरक्षणाशीही लागते. १९९३ मध्ये आरडीएक्स रायगडात शेखाडी-दिघीच्या किनाऱ्याला उतरलं, २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे मासेमारीच्या बोटीतून आले. तेव्हापासून मच्छीमारांना समुद्रावरचे डोळे आणि कान म्हणतात, ओळखपत्रं दिली, सागर कवच या किनारा सुरक्षेच्या सरावाची ड्रिल होते. डिझेल परवडत नाही म्हणून होड्या शाकारून ठेवल्या तर ते डोळे बंदरातच बसून राहणार, ही गोष्ट संरक्षण बजेटच्या कुठल्याच रकान्यात येत नाही.

पैसा जातो कुठे

उपकर आणि अधिभार राज्यांमध्ये वाटायच्या रकमेत धरत नाहीत, अनुच्छेद २७० तसंच सांगतं. म्हणजे कार्बनच्या नावाने उपकर घेतला तर तो सगळा दिल्लीत. नुकसान मात्र इथे होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात आलं आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पोफळ पुन्हा लावून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्रातल्या कामगारांचा पी-३०५ बार्ज बुडाला तेव्हा आयएनएस कोचीसह नौदलाच्या बोटींनी १८० हून जास्त लोकांना वाचवलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला तेव्हाही नौदलाची पथकं मदतीला आली. म्हणजे हवामान बिघडल्याचा खर्च संरक्षण खात्याच्या इंधनावरही चढतोच, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही.

सीमेवरचा कार्बन कर

युरोपने १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत वगैरेंवर कार्बनचा आकार लागू केला (प्रत्यक्ष पैसे २०२७ पासून भरायचे), याला सीबॅम म्हणतात. हापूसला तो लागू नाही, तेवढं सुख आहे. पण पेणजवळ डोलवीला जेएसडब्ल्यूचा मोठा पोलाद कारखाना आहे आणि असं पोलाद युरोपात पाठवायचं तर हा हिशोब द्यावा लागतो. आपल्याकडे कार्बनचा कर भरलेला दाखवला तर तो युरोपात वजा होतो, त्यामुळे पैसे युरोपला द्यायचे की इथेच गोळा करायचे असा प्रश्न दिल्लीला पडलाय. बाहेरून येणाऱ्या मालावर कर बसवायची ही युक्ती कोकणाला नवी नाही. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलं होतं की पोर्तुगीजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येतंय, त्यावर जबर जकात बसवा, नाहीतर व्यापारी तिकडेच वळतील आणि संगमेश्वरकडचं मीठ पडून राहील.

भारताची स्वतःची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम (ठरलेल्यापेक्षा कमी उत्सर्जन करणाऱ्याला क्रेडिट, जास्त करणाऱ्याने ते विकत घ्यायचं) २०२३ मध्ये जाहीर झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) आणि कागद या उद्योगांना पहिली टार्गेट मिळाली. त्यात युद्धनौका नाहीत, होड्याही नाहीत. फरक इतकाच की होडीवाला एक्साइजच्या रूपाने आधीपासूनच भरतोय.